डूसेबलचे बँडमास्तर

१९४५ सालच्या उन्हाळ्यात शिकागोच्या डूसेबल हायस्कूलमधून जॉनी ग्रिफिन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा शाळा संपवून बाहेर पडला आणि तिसऱ्या दिवशी लायोनेल हॅम्प्टनच्या बँडमध्ये नोकरीला लागला. हॅम्प्टनचा बँड त्या काळी अमेरिकेतल्या पहिल्या रांगेतला. पोरगा अंगाने किरकोळ, हातात आल्टो सॅक्सोफोन. बँडचा सगळा कारभार हॅम्प्टनची बायको ग्लॅडिस बघायची. दौऱ्यावर पोचल्या पोचल्या तिने विचारलं, तुझा टेनर कुठंय? तिला टेनर वाजवणारा हवा होता. ग्रिफिन आल्या पावली शिकागोला परतला, इकडून तिकडून एक टेनर मिळवला आणि पुन्हा जाऊन बँडमध्ये बसला. पुढे हाच माणूस टेनर सॅक्सोफोनवरच्या वेगवान बोटांसाठी जगभर ओळखला गेला.

ऐन वेळी वाद्य बदलून असं उभं राहणं एखाद्या मुलाला जमलं कसं? त्याचं उत्तर शाळेतल्या बँडच्या वर्गात आहे. ग्रिफिनला पहिल्यापासून सॅक्सोफोनच हवा होता. मास्तरांनी त्याच्या हातात दिली क्लॅरिनेट. ती जमल्यावर ओबो, आणि त्यानंतर कुठे सॅक्सोफोन.

हा हट्ट नव्हता, त्यामागे हिशेब होता. सॅक्सोफोनची भोकं चाव्यांनी झाकली जातात. क्लॅरिनेटची बरीच भोकं मात्र बोटांच्या पेरांनीच झाकावी लागतात, आणि पेर केसभर सरकलं तरी आवाज फाटतो. शिवाय सॅक्सोफोनवर अंगठ्याची चावी दाबली की त्याच बोटांनी तोच स्वर एक सप्तक वर वाजतो. क्लॅरिनेटवर तसं होत नाही. तिथे स्वर उडी मारतो तो थेट बाराव्या पायरीवर, त्यामुळे खालच्या आणि वरच्या भागासाठी बोटांची वेगवेगळी मांडणी पाठ करावी लागते. ओबो तर त्याहून खट, दोन पात्यांच्या फटीतून श्वास मोजून सोडायचा. या दोन्हींतून गेलेल्या मुलाला सॅक्सोफोन सोपा जातो. उलट्या दिशेने प्रवास केला, तर क्लॅरिनेट रडवते. याला पोटाचंही एक कारण होतं. नाटकगृहात किंवा नाचघरात नोकरी करणाऱ्या वादकाला एकाच संध्याकाळी दोन-तीन वाद्यं वाजवावी लागत. ज्याला एकच येतं, त्याला घरी बसावं लागे.

या मास्तरांचं नाव वॉल्टर हेन्री डायेट. पोरं म्हणायची ‘कॅप’, म्हणजे कॅप्टन. हा हुद्दा खराखुरा होता. इलिनॉय नॅशनल गार्डच्या आठव्या रेजिमेंटच्या बँडचे ते प्रमुख होते. ही कृष्णवर्णीयांची पलटण, पहिल्या महायुद्धात फ्रान्सपर्यंत जाऊन लढलेली.

डायेट यांचा जन्म १९०१ चा, मिझुरी राज्यातल्या सेंट जोसेफ गावचा. वडील पाद्री, आई संगीतातली. कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं, तिथे मुलगा व्हायोलिन शिकला. पण कॉलेजात त्याने धरली वैद्यकाची वाट. त्याच वाटेने पुढे शिकायला तो शिकागोला आला आणि व्हेंडोम थिएटरमध्ये एर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवायला बसला. डॉक्टरकी राहिली ती राहिलीच. मूकपटांचे दिवस होते. मोठ्या थिएटरात पडद्यापुढच्या खड्ड्यात अख्खा वाद्यवृंद बसे आणि चित्रासोबत वाजवे. टेटचा वाद्यवृंद त्यात नावाजलेला. लुई आर्मस्ट्राँगनेही पुढे त्यात ट्रम्पेट वाजवला. समोर ठेवलेला कुठलाही कागद तिथल्या तिथे वाचून वाजवता येणं, ही त्या खड्ड्यात बसण्याची पहिली अट.

मग बोलपट आला. पडदाच बोलू-गाऊ लागल्यावर खड्ड्यातल्या माणसांचं काम संपलं. अमेरिकेत हजारो वादकांच्या नोकऱ्या दोन-तीन वर्षांत गेल्या. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, त्याच वर्षी डायेट शिकागोच्या वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये संगीतशिक्षक झाले. चार वर्षांनी, १९३५ मध्ये, वॉबॅश अॅव्हेन्यूवर शाळेची नवी इमारत उभी राहिली आणि १९३६ साली तिला डूसेबल हे नाव मिळालं. जाँ बाप्तिस्त प्वाँ द्यु साब्ल हा कृष्णवर्णीय व्यापारी शिकागोच्या जागी कायमची वस्ती करणारा पहिला बाहेरचा माणूस मानला जातो. अमेरिकन जिभेवर त्याचा झाला ‘डूसेबल’. डायेट तिथे १९६२ पर्यंत शिकवत होते. मधल्या काळात नोकरी सांभाळून त्यांनी व्हँडरकुक या बँडशिक्षकांच्या संस्थेतून पदवी मिळवली आणि शिकागो म्युझिकल कॉलेजातून पदव्युत्तर शिक्षणही पुरं केलं.

शाळा होती ब्रॉन्झव्हिल या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत. १९१० साली शिकागोत कृष्णवर्णीयांची संख्या ४४ हजार होती, १९३० साली ती २ लाख ३३ हजारांवर गेली. दक्षिणेतली कापसाची शेतं आणि झुंडबळींची दहशत मागे टाकून माणसं आगगाडीने उत्तरेला येत होती. आल्यावर राहायचं कुठे? घराच्या खरेदीखतातच लिहिलेलं असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकता वा भाड्याने देता येणार नाही. अशी कलमं न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला १९४८ साल उजाडलं. तोवर दक्षिण शिकागोच्या एका अरुंद पट्ट्यात सगळे दाटीवाटीने राहिले. मोलकरीण, डॉक्टर, खाटीकखान्यातला मजूर आणि वर्तमानपत्राचा मालक यांची मुलं एकाच शाळेत. शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन याच शाळेत होते, आणि ‘एबनी’ मासिक काढणारे जॉन जॉन्सनही. शाळेपासून चालत जावं एवढ्या अंतरावर सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर रीगल थिएटर आणि सॅव्हॉय नाचघर. म्हणजे वर्गात जे शिकायचं, त्याचं गिऱ्हाईक कोपऱ्यावर उभं होतं.

दुसरीकडे मोठी दारं बंद होती. शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्रा १८९१ चा. त्यात पहिला कृष्णवर्णीय वादक दाखल झाला २००२ साली. हे वाचताना आकडा चुकला की काय असं वाटतं; चुकलेला नाही. वादकांची युनियनसुद्धा दोन ठिकाणी. गोऱ्यांची लोकल १०, कृष्णवर्णीयांची १९०२ पासून वेगळी लोकल २०८. दोन्ही एक झाल्या १९६६ मध्ये. डायेट यांच्या शिकवण्याला जी धार होती ती इथून आलेली आहे असं मला वाटतं. ते मुलांना छंद लावत नव्हते, पोटापाण्याचा धंदा शिकवत होते. नोटेशन वाचता आलं पाहिजे, वेळेवर आलं पाहिजे, कपडे नीट हवेत, आणि मॅनेजरला नाही म्हणायला निमित्त मिळता कामा नये.

वाद्यं विकत घ्यायची तर पैसा लागतो. त्यासाठी डायेट यांनी शाळेच्या गॅदरिंगलाच धंद्याचं रूप दिलं. ‘हाय-जिंक्स’ नावाचा वार्षिक जलसा: गाणी, नाच, नकला आणि मोठा बँड, सगळं मुलांचं. त्याला तिकीट लावायचं. जमलेल्या पैशातून वाद्यं आणि बँडचे पोशाख यायचे. पण हाय-जिंक्समधून मिळालं ते पैशापेक्षा जास्त होतं. पंधराव्या-सोळाव्या वर्षी तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांसमोर उभं राहणं, गाणारी सूर वर नेतेय म्हणून आयत्या वेळी तिच्यामागे जाणं, नकलाकाराला हशा मिळेपर्यंत थांबणं, हे वर्गात शिकवता येत नाही. नाचघरात शिकायला जावं तर पहिली चूक तिथे शेवटची ठरते.

आता त्यांच्या स्वभावाबद्दल. विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक गोष्ट फिरून फिरून येते: धाक. ते शिव्या द्यायचे. छडी भिरकावायचे. शंभर-सव्वाशे वाद्यांच्या गदारोळात तिसऱ्या रांगेतल्या कुठल्या पोराचा स्वर उतरलाय हे त्यांना कळायचं, आणि त्या पोराला सगळ्यांसमोर उभं राहून एकट्याने तो तुकडा वाजवावा लागायचा. पुन्हा चुकला की बाहेर. बाहेर काढलेला मुलगा तालीम करून परत आला, तर त्याला परत घ्यायचे. हे असले मास्तर आपल्याला सिनेमात फार आवडतात. अपमान केल्याशिवाय गुण बाहेर येत नाहीत, अशी एक समजूत त्यातून पसरते आणि ती मला मान्य नाही. वर्गातून हाकललेली जी मुलं परत आलीच नाहीत, त्यांच्या मुलाखती कोणी घेतलेल्या नाहीत. आठवणी सांगणारे सगळे टिकलेले. तरी एवढं म्हणता येतं की पोरांना डायेट यांची भीती वाटे ती चुकीच्या स्वराची. बाहेरच्या जगात त्याच चुकीची शिक्षा जास्त मोठी होती आणि ती दुरुस्त करायला तिथे दुसरी संधी नव्हती, हे मास्तरांना ठाऊक होतं.

या वर्गांतून गेलेल्यांची यादी दमछाक करणारी आहे. नॅट किंग कोल. डायना वॉशिंग्टन, जिचं शाळेतलं नाव रूथ जोन्स. १९४३ साली शिकागोच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये वाजवणारी पहिली कृष्णवर्णीय पियानोवादक डोरोथी डॉनिगन. जॉन कोल्ट्रेनबरोबर १९६३ साली ज्याच्या गाण्याची तबकडी निघाली तो जॉनी हार्टमन. टेनर सॅक्सोफोनवाल्यांची तर फौजच: जीन अॅमन्स, व्हॉन फ्रीमन, ग्रिफिन, क्लिफर्ड जॉर्डन, एडी हॅरिस, जॉन गिल्मोर.

यादी इथेच थांबवतो, कारण या टेनरवाल्यांमध्येच एक गंमत दडलेली आहे. आपल्याकडे गुरूची थोरवी शिष्याच्या गळ्यात ऐकू यावी अशी अपेक्षा असते. सवाई गंधर्वांचे भीमसेन आणि गंगूबाई एकमेकांपासून किती वेगळे, पण दोघांच्या आलापीत किराणा ओळखू येतो. डायेट यांच्या शिष्यांत तसं काही सापडत नाही. अॅमन्स जाड, ऊबदार स्वर धरून ठेवतो, एका स्वरात त्याचं भागतं. ग्रिफिन सुटला की मागे वळून बघत नाही. फ्रीमनचा स्वर मुद्दाम किंचित तिरका. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बेसूरच वाटावा, आणि दहा मिनिटांनी दुसऱ्या कुणाचा सूर सपाट वाटू लागावा. हॅरिसने सॅक्सोफोनला विजेचं यंत्र जोडलं, ट्रम्पेटला सॅक्सोफोनचा माउथपीस लावून बघितला. गिल्मोरकडे तर कोल्ट्रेनसारख्यांनीही कान दिला. एका मास्तरांच्या हाताखालून गेलेली ही माणसं, आणि एकाचं वाजवणं दुसऱ्यासारखं नाही.

याचं कारण काय असावं? मला वाटतं, डायेट शैली शिकवत नव्हतेच. ते श्वास शिकवत होते, बोटं शिकवत होते, वाचन आणि शिस्त शिकवत होते. कसं वाजवायचं याबाबत ते विलक्षण कडक, आणि काय म्हणायचं ते मुलांवर सोडलेलं. ते स्वतः वाद्यवृंदातले व्हायोलिनवाले, जाझमधल्या एकट्याच्या उत्स्फूर्त वादनासाठी त्यांचं नाव कधी झालं नाही. नक्कल करायला मुलांपुढे मास्तरांचा नमुनाच नव्हता. मोठ्या कलावंतांच्या सावलीत शिष्य खुरटतात अशी तक्रार आपण अधूनमधून ऐकतो. इथे सावली पडली ती शिस्तीची, आणि तिच्यात रोपं हवी तशी वाढली.

सगळ्यात मोकळी रोपं तर अगदीच अनपेक्षित निघाली. सन रा हा माणूस स्वतःला शनी ग्रहावरून आलेला म्हणवायचा, त्याच्या ‘आर्केस्ट्रा’तले वादक चमचमते झगे घालून वाजवायचे, आणि त्यांचं संगीत १९५० च्या दशकात अनेकांच्या डोक्यावरून जात होतं. त्याचे जॉन गिल्मोर, पॅट पॅट्रिक, ज्युलियन प्रीस्टर हे आधारस्तंभ डूसेबलचे. (पॅट्रिकचा मुलगा डिव्हाल पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला, बँड आणि राजकारण दोन्हींत या शाळेचं नातं कुठे कुठे पोचतं!) सन रा स्वतः बर्मिंगहॅमच्या इंडस्ट्रियल हायस्कूलचा, तिथले संगीतशिक्षक जॉन ‘फेस’ व्हॉटली हेही असेच कडक. म्हणजे एका करड्या मास्तरांचा चेला दुसऱ्या करड्या मास्तरांची पोरं घेऊन अंतराळात निघाला होता. १९६५ साली शिकागोत स्थापन झालेल्या एएसीएम या वादकांच्या संस्थेने जाझचे राहिलेसाहिले नियमही मोडीत काढले. तिच्यातला जोसेफ जार्मन डायेट यांच्याकडे ड्रम शिकलेला, लिरॉय जेनकिन्सही त्यांच्याच वर्गातला. नियम मोडणाऱ्यांना ते आधी पाठ असावे लागतात. डूसेबलमध्ये ते पाठ करून घेतले जात, आणि मुलाला ते आवडतात की नाही हे कोणी विचारत नसे.

या गोष्टीचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. एर्स्किन टेटच्या ज्या वाद्यवृंदात डायेट यांनी व्हायोलिन वाजवलं, त्यातच टेडी वेदरफर्ड नावाचा पियानोवादक होता. तो १९२६ साली अमेरिका सोडून पूर्वेकडे निघाला. शांघाय वगैरे करत १९३० च्या दशकात तो मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात बँड घेऊन बसला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. ताजमधलं हे संगीत ज्यांनी कान टवकारून ऐकलं त्यात गोव्याचे वादक पुढे होते. ते आले होते गावच्या चर्चच्या शाळांमधून. तिथे वाद्य हातात द्यायच्या आधी स्वरलेखन वाचायला शिकवत, व्हायोलिनवर बोटं बसेपर्यंत मास्तर सोडत नसे. आल्डोना गावचे आंतोनियो शाव्हियेर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाले, ट्रम्पेट घेऊन आर्मस्ट्राँगच्या वाटेने गेले आणि संगीतकार चितळकरांच्या ‘अलबेला’ चित्रपटात त्यांचा बँड घुमला. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. स्वतः अँथनींनी संगीतकार प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवलं. शिकागोत शाळेने जे केलं ते गोव्यात चर्चने केलं, आणि दोन्हीकडे त्याचं फळ खाल्लं शहरातल्या करमणुकीच्या धंद्याने. गोव्यातल्या त्या मास्तरांपैकी किती जणांची नावं आपण सांगू शकू? डायेट यांचं नाव राहिलं ते शिष्य मुलाखतींत बोलले म्हणून.

त्यांच्या वर्गात बसलेली बहुतेक मुलं अर्थातच वादक झाली नाहीत. ती टपालखात्यात गेली, गिरणीत गेली, शिक्षक झाली. कुठल्याही बँडमास्तरांच्या बाबतीत असंच असतं आणि ते लिहिण्यात येत नाही. शिकवण्याचा वारसा मात्र दोन-तीन ठिकाणी स्पष्ट दिसतो. बास वाजवणारा रिचर्ड डेव्हिस डूसेबलमध्ये डायेट यांच्याकडे शिकला आणि पुढे त्यांच्याच व्हँडरकुक संस्थेत गेला. एरिक डॉल्फीपासून स्ट्राविन्स्कीपर्यंत सर्वांबरोबर त्याने वाजवलं, आणि १९७७ साली ऐन भरातलं न्यूयॉर्क सोडून विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायला गेला. तिथे तो कित्येक दशकं राहिला, आणि तरुण बासवादकांसाठी त्याने एक प्रतिष्ठान काढलं. व्हॉन फ्रीमन शिकागो सोडून फारसा हललाच नाही. पंचाहत्तराव्या रस्त्यावरच्या एका साध्या बारमध्ये वर्षानुवर्षं मंगळवारी रात्री तो वाजवायचा आणि मग मंच नवशिक्यांना खुला करायचा. २०१२ साली, निधनाच्या काही महिने आधी, त्याला देशाचा सर्वोच्च जाझ सन्मान मिळाला.

डायेट १९६९ च्या नोव्हेंबरात वारले. तीन वर्षांनी वॉशिंग्टन पार्कमध्ये त्यांच्या नावाची शाळा उघडली, पुढे तिचं हायस्कूल झालं. २०१२ साली शिक्षण मंडळाने ती टप्प्याटप्प्याने बंद करायचा ठराव केला. कारण दिलं निकालांचं. नवे प्रवेश थांबले, शिक्षक आणि विषय कमी होत गेले, मुलं पांगली. २०१३ साली शिकागोने एका फटक्यात सुमारे ५० शाळा बंद केल्या, त्यांतल्या बहुतेक कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या. त्याच वर्षी डूसेबलच्या इमारतीला शहराने वारसावास्तूचा दर्जा दिला. एका मास्तरांची जुनी शाळा जपायची आणि त्यांच्या नावाची चालती शाळा मोडीत काढायची, हे एकाच नगरपालिकेला एकाच वेळी सुचलं.

डायेट हायस्कूलची शेवटची तुकडी २०१५ च्या जूनमध्ये बाहेर पडली. ऑगस्टमध्ये वस्तीतले बारा जण उपोषणाला बसले; पालक, आजी, समाजकार्यकर्ते, आणि त्यांच्या अग्रभागी वस्तीतले संघटक जितू ब्राऊन. उपोषण ३४ दिवस चाललं. मधेच मंडळाने जाहीर केलं की शाळा पुन्हा उघडेल, सर्वांना खुली असेल आणि कलांची असेल. उपोषण करणाऱ्यांनी हे ऐकून लगेच उठायला नकार दिला. त्यांनी आराखडा दिला होता तो हरित तंत्रज्ञान आणि जागतिक नेतृत्व शिकवणाऱ्या शाळेचा. मंडळाने तो घेतला नाही. २०१६ साली उघडली ती ‘वॉल्टर एच. डायेट हायस्कूल फॉर द आर्ट्स’.

हा निर्णय वरकरणी मास्तरांच्या नावाला शोभणारा दिसतो, आणि मंडळालाही तसंच वाटलं असणार. पण कृष्णवर्णीय वस्तीतली मुलं म्हटलं की त्यांना नाचगाणं द्यावं, विज्ञान मागितलं तर ऐकून न ऐकल्यासारखं करावं, ही खोड शिकागोला जुनी आहे. डायेट स्वतः निघाले होते डॉक्टर व्हायला. आणि बँडच्या वर्गात त्यांनी कुणाला सहजासहजी मागितलेलं वाद्य दिलं नाही हे खरं असलं, तरी ग्रिफिनला शेवटी सॅक्सोफोन मिळाला होता.